हिराजीनानांचं कोरं कार्ड

आमच्या शिधावाटप कार्यालयाचं दार सकाळी शिपाई उघडायचा ते संध्याकाळी कुलूप लागेपर्यंत सताड उघडं असायचं. लोक त्यातून धक्काबुक्की करत आत यायचे, रॉकेलच्या रांगेतली भांडणं तशीच टेबलापर्यंत आणायचे. एकदा तर एक म्हैस थेट साहेबांच्या खुर्चीपर्यंत आली होती. हिराजीनाना मात्र उंबऱ्याबाहेर थांबायचे. हात मागे बांधलेले, नजर खाली. कोणीतरी "या की नाना" म्हटल्याशिवाय त्यांचं पाऊल आत पडत नसे. मी भिवंडीत नवीन होतो तेव्हा मला वाटलं, काय हा विनय! नंतर कळलं की ती सवय होती. नऊ वर्षं त्यांच्यासाठी प्रत्येक दार दुसऱ्याच कोणीतरी उघडलं होतं.

मी तेव्हा पंचवीस वर्षांचा, पुण्याहून बदलून आलेला कारकून. अर्जातला प्रत्येक रकाना भरलेला असावा, प्रत्येक दाखल्यावर शिक्का असावा, आणि शिक्का वाचता यावा, एवढीच माझी जगाकडून अपेक्षा होती. जग ती पुरी करत नव्हतं, त्यामुळे मी कायम चिडलेला असे. नानांची आणि माझी पहिली गाठ अशाच एका रकान्यावरून पडली.

ते एका माणसाला घेऊन आले होते. माणूस तुरुंगातून तीन दिवसांपूर्वी सुटलेला. त्याला रेशनकार्ड हवं होतं. मी सुटकेचा कागद पाहिला, नाकाला सुरकुत्या पाडल्या आणि म्हटलं, "पूर्वीच्या ठिकाणच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आणा."

"भाऊसाहेब," नाना शांतपणे म्हणाले, "आतमंदी नाव न्हवतंच, नंबर होता. आता नाव वाडवायचं हाय, तर कमी काय करनार?"

मी त्यांना परत पाठवलं. ते दुसऱ्या आठवड्यात आले. मी परत पाठवलं. तिसऱ्या खेपेला आले तेव्हाही चेहऱ्यावर राग नव्हता, आणि मला त्याचाच राग आला. शेवटी आमच्या साहेबांनी, म्हशीच्या प्रसंगापासून ज्यांचा नियमांवरचा विश्वास जरा सैल झाला होता, मला आत बोलावून सांगितलं की सुटकेचा कागद हाच पुरावा धरा आणि कार्ड द्या. मी दिलं. त्या माणसाने कार्ड उघडून स्वतःचं नाव दोनदा बोटाने चाचपलं. नाना म्हणाले, "बघ, शाई हाय. पुसायची न्हाय." ते त्याला म्हणाले की मला, ते मला अजून नक्की सांगता येत नाही.

नाना अंबाडीकडचे. पन्नाशी उलटलेली, बुटके, खांद्याने रुंद, मिशी पांढरी आणि भुवया काळ्या. आत जाण्याआधी गवताच्या वखारीत कामाला होते. तिथे गाठी उचलायला हमालांकडे लोखंडी आकडा असतो. भांडण झालं, हातात आकडा होता, आणि समोरचा माणूस चार दिवसांनी इस्पितळात मेला. नानांनी हे मला एकदाच सांगितलं, आणि सांगताना कुठेही "पण" हा शब्द वापरला नाही. दारू होती, त्यानेच आधी शिवी दिली, असलं काहीही नाही. आता ते राहनाळच्या गोदामात हमालांच्या टोळीचे प्रमुख होते, पण आकड्याला हात लावत नसत. गोण नुसत्या हातांनी उचलायचे. सकाळची पहिली गोण पाठीवर घेण्याआधी ओठ हलायचे. मला वाटायचं देवाचं नाव घेतात. ते त्या मेलेल्या माणसाचं नाव होतं.

सुटून आलेल्या माणसांना नानांचा पत्ता कसा कळायचा कोण जाणे. आतूनच कळत असावा. कोणी घाटावरचा, कोणी उत्तरेकडचा, कोणी वाडा तालुक्यातला. घरी जायची हिंमत नसलेला माणूस भिवंडीत उतरायचा आणि लूमच्या कारखान्यामागे नानांची खोली शोधत यायचा. त्या खोलीला बाहेरून कडी नव्हती. आतली होती, बाहेरची नानांनी उखडून काढली होती. रात्रंदिवस पलीकडे लूम खडखडत असायचे. नवा माणूस तक्रार करायचा, झोप लागत नाही. नाना म्हणायचे, "लागंल. भायेर आवाज हाय म्हंजे लोकं हायेत."

माणसाला पुन्हा माणसांत आणायची त्यांची एक पद्धत होती, आणि ती मी हळूहळू पाहत गेलो. कारण कार्डासाठी येणारी प्रत्येक नवी जोडगोळी माझ्याच टेबलाशी यायची आणि नंतर मला आग्रहाने समोरच्या हॉटेलात नेलं जायचं. तिथे नाना स्वतः काही मागवत नसत. नव्या माणसाकडे बघून म्हणायचे, "चा तूच सांग." तो गोंधळायचा. कमी साखर की जास्त, आलं घालून की नको, पोरगा विचारायचा आणि हा बापडा घामाघूम. वर्षानुवर्षं जे पुढ्यात येईल ते प्यायलेल्या माणसाला चहा मागवणं हे केवढं काम आहे, हे मला त्या टेबलावर कळलं. त्यानंतर चपलांचं दुकान. आत जमा केलेल्या चपला बाहेर येईतो वाळून कडक झालेल्या असायच्या. नाना दुकानाच्या पायरीवर तंबाखू मळत बसायचे आणि माणसाला आत पाठवायचे. पाऊण पाऊण तास लागायचा. दुकानदार वैतागायचा. नाना म्हणायचे, "सेठ, उसको चुनने दो. बहोत साल के बाद चुन रहा है."

मग एक कुलूप आणि किल्ली. माणसाजवळ सामान म्हणजे एक टॉवेल आणि एक थाळी, पण त्यासाठी पत्र्याची पेटी यायचीच, आणि किल्ली त्याच्याच करगोट्याला. आणि संध्याकाळ. उन्हं उतरायला लागली की सुटलेला माणूस अस्वस्थ होतो, हे मला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. आत ती कोठडीत बंद होण्याची वेळ. बाहेर आल्यावरही पाय आपोआप खोलीकडे वळतात, माणूस कोपऱ्यात जाऊन बसतो. नाना त्या वेळी सगळ्यांना उठवून वऱ्हाळदेवीच्या तळ्याकडे फिरायला न्यायचे. मी कितीदा पाहिलं आहे, पुढे नाना, मागे चार-पाच दणकट माणसं, नव्या चपला चावत असल्यामुळे लंगडत चाललेली. जणू प्राथमिक शाळेची सहल.

मी विचारायचो तेव्हा नाना खरं सांगण्याबद्दलही बोलायचे. त्यांचा नियम सोपा होता. "कोनी इचारलं तर खरं सांगायचं. न इचारता गल्यात पाटी घालून फिरायचं न्हाय." हा नियम त्यांनी जितक्यांना दिला तितक्यांनी तो पाळला असेल असं नाही. पण नाना स्वतः पाळायचे, आणि पुढे त्यांना तो महागात पडला.

सगळ्यात शेवटी पोस्टकार्ड. माणूस कामाला लागला, महिना टिकला, की घरी कार्ड टाकायचं. नानांना लिहिता येत नव्हतं, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मजकूर ठरलेला: मी सुटलो. भिवंडीत आहे. काम करतो. येऊ का? बस. माफी नाही, रडगाणं नाही, कोणाच्या प्रकृतीची चौकशी नाही. मी पहिल्यांदा सवयीने "साष्टांग नमस्कार विनंती विशेष" असं सुरू केलं तर नानांनी हात धरला. "भाऊसाहेब, घरच्यांना येवडं वाचवनार न्हाय. इचारायचं तेवडंच इचारा." उत्तर आलं तर जायचं. जाताना हातात एक वस्तू, एकच. सोबत एक माणूस न्यायचा, पण सोबत्याने घर दिसेपर्यंतच जायचं आणि तिथून परतायचं. चहालाही थांबायचं नाही. नाना स्वतः असे कितीजणांना पोचवून परतीच्या गाडीने आले होते.

त्यांच्या खाकी सदऱ्याला दोन खिसे होते. डाव्यात तंबाखूची डबी. उजव्यात प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेलं एक कोरं पोस्टकार्ड. ते कोणासाठी आहे हे त्यांच्या टोळीत सगळ्यांना माहीत होतं. नाना आत गेले तेव्हा त्यांची मुलगी, जनी, सहा वर्षांची होती. बायको ते आत असतानाच वारली. जनीला मामाने वाढवलं, अंबाडीतच लग्न करून दिलं. वाड्याकडून माल आणणारे ट्रकवाले नानांना बातमी देत: जनी दिसली, जनी नाक्यावर भाजी विकते, जनी जाड झाली. नाना ऐकायचे आणि मिशीतल्या मिशीत हसायचे. सुटून चार वर्षं झाली होती. अंबाडी तासाभराच्या अंतरावर. कार्ड कोरंच होतं. कडा काळ्या पडल्या होत्या. मध्यंतरी पोस्टकार्डाची किंमत वाढली, तेव्हा नाना पोस्टात जाऊन वरचं तिकीट घेऊन आले आणि त्या कोऱ्या कार्डावर थुंकी लावून चिकटवलं. मी म्हटलं, "नाना, टाकायचंच नाही तर तिकीट कशाला?" ते म्हणाले, "टाकायचं न्हाय आसं कोन म्हनलं?"

मग विठ्ठल आला. सोलापूरकडचा, तिशीतला, सात वर्षं काढून आलेला. उंच, वाकलेला, कोणाच्या डोळ्याला डोळा न देणारा. आत त्याला मागावर सतरंज्या विणायला शिकवलं होतं, पण नानांचा आग्रह की पहिले दोन महिने आपल्याबरोबर राहनाळला गोणी उचलायच्या, म्हणजे झोप लागते. त्या आठवड्यात सरकारी धान्याचा साठा मोजायला साहेबांनी मला राहनाळच्या गोदामावर पाठवलं होतं, म्हणून पुढचं मी स्वतः पाहिलं.

सकाळची वेळ. तीस-एक हमाल गोदामापुढे उभे. नवा मुकादम हजेरीची वही घेऊन आला आणि मोठ्याने ओरडला, "चला रे, गिनती!"

विठ्ठल झटकन खाली बसला. उकिडवा, हात गुडघ्यांवर, मान खाली. बसल्या बसल्या डाव्या बाजूला जरा सरकला, शेजारच्यासाठी जागा करत. तुरुंगात मोजणीला कैदी असेच बसवतात, जोडीजोडीने. एका क्षणात सगळे वळून बघायला लागले. तीस माणसं उभी आणि मधे एक माणूस जमिनीवर. ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही आता माहीत झालं. विठ्ठलला आपली चूक कळली होती, कान लाल झाले होते, पण तो तसाच बसून राहिला. मी माझ्या साठ्याच्या वहीत डोकं घातलं. मला दुसरं काही सुचलं नाही, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

नाना रांगेतून चालत आले आणि विठ्ठलने केलेल्या जागेत त्याच्या शेजारी उकिडवे बसले. हात गुडघ्यांवर.

मुकादम म्हणाला, "हे काय नाना? उठा."

"मोज की," नाना म्हणाले. "उभ्यानं मानूस जास्त भरतो का बसून? माजे गुडगे दुखतात. मोज, दोन झाले."

कोणीतरी हसलं. मग टोळीतले दोघे येऊन मागे बसले, मग आणखी दोघे. त्यातले निम्मे तरी कधी चौकीचीही पायरी चढलेले नव्हते. मुकादमाने दोनाच्या पाढ्याने हजेरी घेतली. विठ्ठलने मान वर केली, आणि मी त्याचे डोळे पहिल्यांदा पाहिले. त्या गोदामात पुढे कित्येक महिने बसूनच हजेरी होत असे. नव्या हमालांना वाटायचं इथली रीतच आहे.

महिना झाला. विठ्ठलचं कार्ड लिहायची वेळ आली. तिघे हॉटेलात बसलो, चहा विठ्ठलने सांगितला, आलं घालून, न अडखळता. मी पेन काढलं. विठ्ठल म्हणाला, "नाना, तुमच्या कार्डाला काय उत्तर आलं हुतं?"

त्याला खरंच माहीत नव्हतं. तो टोळीत नवा होता. त्याने साधा प्रश्न विचारला होता. मी नानांकडे बघितलं. त्यांनी बशी खाली ठेवली. एखाद्या दुसऱ्या माणसाने "आलं हुतं, आलं हुतं" म्हणून वेळ मारून नेली असती. पण विचारलं की खरं सांगायचं.

"म्या टाकलं न्हाय."

"का?"

नानांनी उजव्या खिशातल्या कार्डावर हात ठेवला. मग म्हणाले, "टाकलं न्हाय तवर तिचं न्हाय म्हननं आलेलं न्हाय."

विठ्ठलने माझ्या पुढ्यातलं कार्ड आपल्याकडे ओढून घेतलं. "मग म्या बी टाकत न्हाय," तो म्हणाला. "तुमी येवढ्यांची टाकलीसा. तुमाला भ्या वाटतंय तर मला वाटू न्हाय व्हय?"

नाना त्याच्यावर चिडले. मी त्यांना चिडलेलं तेवढं एकदाच पाहिलं. "तुजी बायको वाट बगत आसंल, गाढवा," म्हणाले. विठ्ठल जागचा हलला नाही. चहाचे पैसे ठेवून नाना निघून गेले आणि त्या संध्याकाळी तळ्याकडची मंडळी त्यांच्याविनाच फिरायला गेली.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात मान खाली घालून अर्ज तपासत होतो. वर पाहिलं तर दारात नाना. किती वेळ उभे होते देव जाणे, शिपाई बाहेर गेला होता आणि कोणी "या" म्हणालंच नव्हतं. मी उठून गेलो आणि त्यांना आत आणलं. त्यांनी उजव्या खिशातलं कार्ड काढलं, प्लॅस्टिक सोडलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं. दोन तिकिटं, काळ्या कडा.

"लिवा," म्हणाले. "ठरलेलं हाय तेच."

मी लिहिलं. मी सुटलो. भिवंडीत आहे. काम करतो. येऊ का?  उत्तराचा पत्ता ऑफिसचा दिला. मग त्यांनी विठ्ठलला हाक मारली. तो बाहेर पायरीवर होताच; त्याचंही कार्ड मी तिथेच लिहिलं, तोच पत्ता देऊन. दोन्ही कार्डं एकाच वेळी पेटीत पडली.

विठ्ठलच्या कार्डाला उत्तर आलं नाही. दहाव्या दिवशी बायकोच आली. डोक्यावर गाठोडं, हातात ते पोस्टकार्ड, आणि सरळ माझ्या टेबलापुढे उभी. विठ्ठलला बोलावणं गेलं. तो धावत आला, आणि तिने ऑफिसभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "येऊ का म्हून काय इचारता? येडं का खुळं? पत्ता आदी द्यायला काय झालतं?" साहेबसुद्धा बाहेर येऊन ऐकत उभे राहिले. मी त्याच दिवशी तिचं नाव विठ्ठलच्या रेशनकार्डात वाढवलं. कुठलाही दाखला मागितला नाही. विठ्ठल पुढे लूमवर लागला आणि दोघांनी भिवंडीतच खोली घेतली.

नानांना या सगळ्याचा मनापासून आनंद झाला, पेढेही त्यांनीच आणले. पण रोज दुपारी, पोस्टमन येऊन गेला की, ते गोदामावरून एखाद्या निमित्ताने यायचे आणि दारात थांबायचे. मी मान हलवायचो. ते परत जायचे. आत येतही नसत. तीन आठवडे गेले. मी, ज्याला आयुष्यात टपालाची घाई कधी झाली नव्हती, पोस्टमनला रस्त्यात गाठायला लागलो.

चौथ्या आठवड्यात कार्ड आलं. शाळेत चार इयत्ता शिकलेल्या हाताचं, ओळी वर चढत गेलेल्या. मी नानांची वाट न बघता राहनाळला गेलो. पोत्यांच्या थप्पीमागे उभं राहून वाचून दाखवलं: "बाबा, पत्र पोचले. मामा नको म्हणत होता म्हणून उशीर झाला. बाजाराच्या दिवशी मी नाक्यावर भाजी घेऊन बसते. ये."

"परत वाचा," नाना म्हणाले.

मी परत वाचलं.

"त्या फुडं काय हाय?"

"त्यापुढे काही नाही नाना. 'ये' एवढंच."

"तेच परत वाचा."

सोबत कोण, असा प्रश्नच नव्हता. त्यांनी मलाच सांगितलं. हातात एक वस्तू न्यायची म्हणून आम्ही त्याच चपलांच्या दुकानात गेलो. या वेळी पायरीवर मी बसलो. नानांना मुलीच्या पायाचा शेवटचं माप आठवत होतं ते सहा वर्षांच्या पोरीचा. दुकानदाराने माप विचारलं तेव्हा त्यांनी हवेत हात धरला, मग आखडला, मग पुन्हा पसरला. एक तास गेला. मी आत डोकावून म्हटलं, "नाना, घ्या कुठलीतरी." तर दुकानदारच मला म्हणाला, "चुनने दो साहब." शेवटी नानांनी बायकोच्या पायाचा अंदाज धरला. "आयसवर गेली आसंल," म्हणाले.

बाजाराच्या दिवशी सकाळच्या वाड्याच्या गाडीने निघालो. नाना खिडकीशी, मांडीवर चपलांचा पुडा.  अंबाडी नाक्याला उतरलो तेव्हा बाजार भरात होता, काकड्या, शिराळी, भोपळे, सुकी मासळी. पलीकडे भिवंडीची परतीची गाडी उभी होती. नाना रस्त्याच्या कडेला थांबले आणि बघत राहिले. मग त्यांनी बोट केलं. हिरव्या लुगड्यातली एक तरुण बाई गोणपाटावर बसली होती, पुढ्यात काकड्यांचा ढीग. भुवया काळ्याभोर, थेट नानांच्या.

"भाऊसाहेब," ते म्हणाले, "आता तुमी जावा."

मी रस्ता ओलांडून गाडीत चढलो आणि खिडकी धरली. नाना गर्दीतून चालत गेले. तिच्यापासून दोन पावलांवर थांबले. हात मागे बांधलेले, हातांत पुडा, नजर खाली. तिथे दार नव्हतं, उंबरा नव्हता, नुसता उघडा रस्ता होता, तरी ते थांबले. मला खिडकीतून ओरडावंसं वाटलं, अगं, त्याला "ये" म्हण, म्हटल्याशिवाय तो माणूस पुढे येत नाही! जनीने गिऱ्हाइकाला काकड्या दिल्या, मान वर केली, आणि तिचा हात तागडीवर तसाच राहिला. ती काही बोलली की नाही ते बाजाराच्या कालव्यात कळलं नाही. तिने एवढंच केलं, की गोणपाटावर जरा डावीकडे सरकली.

नाना तिच्या शेजारी बसले. उकिडवे, हात गुडघ्यांवर, जोडीने. मग त्यांनी पुडा सोडला. जनीने पाय पुढे करून चप्पल घातली, पाय फिरवून पाहिला आणि तोंडाला पदर लावला.

गाडी सुटायला अजून दहा मिनिटं होती. समोरच्या टपरीवर आल्याच्या चहाचा वास सुटला होता आणि मला चहाची फार तलफ आली होती, पण मी खाली उतरलो नाही.